मागच्या तारखेचं घर

"हॉस्पिटलवाल्यांनी मिशी का काढली गं?" नवनाथनं बेसिनवरच्या आरशात बघत विचारलं, आणि माझ्या हातातला कणकेचा उंडा परातीत पडला. डोक्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. डोक्याला टाके पडले म्हणजे केस काढणारच, हे घरी आल्या आल्या त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. पण मिशी? तो वरच्या ओठावरून बोट फिरवत होता, परत परत, तिथं काहीतरी सापडेल अशा बेतानं. "नाकात नळी होती ना," मी म्हणाले, "चिकटपट्टी बसत नव्हती त्यांची." इतकं सफाईदार खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते. "हां, असेल," म्हणाला आणि गुळणी करून बाहेर गेला. मी परातीकडे बघत उभी. ती मिशी गेली तेव्हा मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. मोशीजवळ, इंद्रायणीच्या घाटावर, त्याच्या आईच्या दहाव्याला. न्हाव्यानं आधी डोकं केलं, मग मिशीला वस्तरा लावला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना नवनाथ माझ्याकडे वळून म्हणाला होता, "वर्षाली, लहान दिसतोय का गं मी?" तेव्हा मला हसू आलं होतं. दहाव्याच्या घाटावर सासूच्या नावानं रडायचं सोडून हसले म्हणून चुलत सासवांनी केवढे डोळे वटारले होते!

आता त्याला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि ड्युटीच्या पहिल्याच दिवशी कंपनीची बस चुकली म्हणून हा शहाणा मोटरसायकल काढून चाकणला निघाला. हायवेवर कंटेनरनं कट मारला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. शुद्धीवर आला तो मात्र सव्वा महिना मागे उतरून. आई आजारी पडायच्या आधीचा आठवडा त्याला लख्ख आठवत होता. गॅसवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा. त्यानंतरचं कोरं. पहिला प्रश्न काय, तर "आईला कळवलंस का? उगाच घाबरेल ती." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आठवण येईल, किंवा नाहीही येणार, पण सध्या डोक्याला धक्का नको. मी आत येऊन म्हणाले, "आई गावाला गेल्यात. रेणापूरला, सोजरबाईंकडे." सोजरबाई म्हणजे आईंची धाकटी बहीण. "कधी येणार?" "सोमवारी." सोमवार का म्हणाले, देव जाणे. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले. त्याचा मोबाइल अपघातात चुराडा झाला होता, ते एक बरं झालं. शेजारच्या विजयश्री काकूंना आणि खालच्या वॉचमनला हात जोडून सांगितलं, तोंड उघडू नका. भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून आईंच्याच साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. त्यांची खाट घडी करून गॅलरीत उभी केली होती, ती परत आत आणून जागेवर लावली. चादर घातली. उशीवर एक केस होता पांढरा, तो तसाच राहू दिला.

घर एवढं नीट मागच्या तारखेला नेऊन ठेवलं, आणि मग कॉम्प्युटर बिघडला. चिखलीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची बिलं आणि टॅक्सचं काम मी घरूनच करते. अपडेट आलं, मी नको नको म्हणत असताना आपलं आपणच चढलं, आणि सकाळी बघते तर निळा पडदा. वर इंग्रजीत दिलगिरी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रिटर्न भरायची मुदत तोंडावर आलेली, आणि हे कार्टं दिलगिरी व्यक्त करतंय! फारूकला फोन केला. फारूकचं आमच्याच गल्लीच्या तोंडाशी रिपेअरिंगचं दुकान आहे. तेराव्याला जेवायलाही आला होता तो, आईंना अम्मा म्हणायचा. दारात येऊन त्यानं नवनाथला बघितलं, डोक्यावरच्या पट्टीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं, "नवनाथभाऊ, अम्मांचं..." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं वाक्य गिळलं. "अम्मांचं काय?" नवनाथ म्हणाला. "कुठं दिसत नाहीत, म्हटलं." "गावाला गेलीय. येईल सोमवारी." हे नवनाथ म्हणाला. माझं खोटं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि काय सांगू, ते खरं वाटलं.

फारूकनं काय काय बटणं दाबली. "दोन रस्ते आहेत, भाभी. एक रिस्टोर. हा बघा, पॉइंट पडलाय आपोआप." त्यानं तारीख दाखवली. आई आजारी पडल्या त्याच्या दोन दिवस आधीची. "याला दाबलं की सिस्टिम त्या दिवशी होती तशी होऊन जाते. मधे जे काही टाकलं असेल ते निघून जातं. फायली, फोटो वगैरेला हात लागत नाही, ते राहतं जिथल्या तिथं. अर्ध्या तासात उठून बसेल." "आणि दुसरा?" "दुसरा म्हणजे बॅकअप. आधी सगळा माल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचा, मग हे पुसून नव्यानं लावायचं. दिवसभर मशीन दुकानात ठेवावं लागेल. माझं ऐका, दुसराच करा. ही डिस्क आवाज करतीये, तिचा भरवसा नाही." नवनाथ खुर्ची ओढून मधे बसला. हा चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मशीनचे पॅरामीटर पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पॅनलला बोट लावू देत नाही कुणाला, मग साहेब का असेना. "बॅकअप कधी घेतलेला?" त्यानं मला विचारलं. "कधीच नाही." त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, रिस्टोर म्हणजे नुसतं मागं सरकणं. जी वस्तू गेली ती त्यानं परत येत नाही. कॉपी दुसरीकडं असली तरच परत येते." मी त्याच्या तुळतुळीत ओठाकडे बघत होते. "रिस्टोर कर," मी फारूकला म्हणाले. फारूक म्हणाला, भाभी. मी म्हणाले, "माझं काम खोळंबलंय फारूकभाई, कर म्हटलं ना!" काम होतंच, खोटं नव्हे. पण दुकानात बसून तो एकेक फोल्डर उघडणार, दवाखान्यातले फोटो, घाटावरचे, ते मला नको होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर ती तारीख मला हवी होती. कुठंतरी एका पेटीत का होईना, तो दिवस परत उजाडावा असं वाटलं. अर्ध्या तासानं पडदा लागला. जुनी चिन्हं, जुनं चित्र, मधे टाकलेलं बिलांचं नवं सॉफ्टवेअर गायब. नवनाथ खूश. "हां, आता ओळखीचा वाटतोय," म्हणाला.

त्यानंतर घर ठाकठीक चालू लागलं, आणि तिथंच माझी झोप उडाली. आईंना मिश्री लागायची. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजायच्या, त्या वासानं मला मळमळायचं, त्यावरून आमची रोज जुंपायची. "काय करलालीस गं? खिडक्या काय उघडलालीस? थंडी येतीया की!" त्या म्हणायच्या. मी म्हणायची, धूर जाऊ दे, आई, मी मरेन. "मर की मग," त्या म्हणायच्या आणि तोंडात बोट घालून हसायच्या. एका रविवारी अंघोळ करून बाहेर आले तर घरभर तोच वास. स्वयंपाकघरात नवनाथ गॅससमोर उभा, तव्यावर तंबाखू. "उद्या सोमवार ना," म्हणाला, "आल्या आल्या मागेल. भाजून ठेवतो." डबी भरून त्यानं फडताळात त्यांच्या जागेवर ठेवली. दुसरं म्हणजे जेवताना पहिला घास तो ताटातून उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवायला लागला. तेरा दिवस त्यानं आईंच्या नावानं रोज ठेवला होता तसाच, डाव्या कोपऱ्यात. "हे काय?" मी विचारलं. तो घासाकडे बघत राहिला. "काय माहीत. सवय लागलीय कधीपासून तरी. तुला आठवतंय का कधीपासून?" मी नाही म्हणाले. कावळा आला, घास नेला, आणि नवनाथ समाधानानं जेवायला लागला. त्याचा हात, त्याचा ओठ, सगळ्यांना ठाऊक होतं. नवनाथला तेवढं ठाऊक नव्हतं. फारूक म्हणाला होता तसंच, फायली जिथल्या तिथं.

सोमवार आला की मी म्हणायची, सोजरबाईंनी अजून चार दिवस ठेवून घेतलंय. तो म्हणायचा, "बरंय, बहिणी बहिणी आहेत. राहू दे." किती शहाण्यासारखा! एखाद्या वेळी हटून बसला असता, फोन लाव म्हणाला असता, तर मी मोडले असते आणि सुटले असते. पण आईच्या बाबतीत तो पहिल्यापासूनच असा, तिला तिच्या मनाप्रमाणे करू द्यायचा. आणि सारखं खोटं बोलून बोलून माझीच एक मजा व्हायला लागली. मी त्याला नावानं हाक मारते. पण आईंना ते खपायचं नाही, म्हणून त्या घरात असल्या की "अहो." लग्नापासून तोच रिवाज, त्या देवळात गेल्या की नवनाथ, परत आल्या की अहो. ती सवय जिभेला इतकी बसलेली की मला ठरवावं लागत नाही. तर एका सकाळी मी भाजी चिरता चिरता हाक मारली, "अहो, दूध आणा ना जरा." तो उठून गेलाही. आणि मी विळीवर तशीच थिजून बसले. अहो कुणासाठी म्हणाले मी? पाठीमागं खाट होती. वळून बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा चादर चुरगळलेली होती. नवनाथ टेकला असेल. नाहीतर मीच टेकले असेन. मग ते वाढतच गेलं. पाणी आलं की मी ओरडायची, आई, बादली लावा. चहा टाकला की कप तीन. दोनदा तो तिसरा कप उलटा घालून ठेवला, पुढच्या वेळी चहा ओतून झाला तेव्हा कळलं. त्याच्या दिवसाला मी अशी टेकू देत बसले की माझाच दिवस तिकडे कलायला लागला.

मला खरं भ्यायला झालं ते एका दुपारी. कपडे वाळत घालत होते आणि सहज मनात आलं, आईंचं शेवटचं बोलणं काय होतं? दवाखान्यात मी त्यांच्या खाटेच्या उजव्या हाताला होते, नवनाथ पायाशी. ऑक्सिजनचा मास्क त्यांनी स्वतः बाजूला केला. नवनाथकडे बघून काहीतरी बोलल्या. तो हो आई म्हणाला. आणि संपलं. काय बोलल्या? ओठ हललेले मला दिसत होते. आवाज येत नव्हता. मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून घरात आले, कॉम्प्युटर लावला. मधले सगळे फोटो त्यात होते, पाहून काही आठवेल म्हणून. पडदा काळा. आतून टिक, टिक, टिक, आणि शांतता. परत टिक टिक. मी त्या पेटीवर दोन थापडा हाणल्या, आणि मग उचलून पोटाशी धरून फारूककडे नेली, टॉवेल खांद्यावर तसाच. त्यानं डिस्क काढून कानाशी धरली. मान हलवली. "गेली, भाभी." "अरे, पण तो पॉइंट होता ना? तारखेचा?" "तो पण ह्याच्यातच होता. ह्याच्याबरोबर गेला." फारूक चांगला माणूस, मी सांगितलं होतं असं म्हणाला नाही. बिलांचं काय, ती गिऱ्हाइकांकडून परत मागता येतील, असं काहीबाही तो सांगत राहिला. बिलांची कुणाला पडली होती! "अम्मांचे फोटो होते का त्यात?" त्यानं हळूच विचारलं. होते. आईंना डाळिंबाचे दाणे भरवणारा नवनाथ होता त्यात. दवाखान्यात त्यांची वेणी घालणारी मी होते, आणि आरसा मागून "सटवे, वाकडी घातलीस" म्हणणाऱ्या आई. नवनाथच्या डोक्यातनं ते गेलंच होतं, आता इथनंही गेलं. राहिले मी. सबंध सव्वा महिन्याची जगात एकच कॉपी, आणि ती माझ्यात, आणि तीही टिकटिक करायला लागलेली. रस्त्यानं येताना मी आईंचं आजारपण पहिल्या दिवसापासून मनात म्हणत होते, शाळेतली कविता म्हणावी तसं, आणि मधले दिवस गळत होते. मला ओरडावंसं वाटलं. लोक बघत होते, म्हणून नाही ओरडले.

घरी गेले. नवनाथ गॅलरीत ऊन खात बसला होता. मी समोर स्टूल घेऊन बसले. डॉक्टर गेले खड्ड्यात, म्हटलं. "नवनाथ, आई गावाला नाहीत. आई गेल्या." तो रडला नाही, चिडला नाही. त्याचं बोट तेवढं उठलं आणि ओठावर गेलं. "म्हणून मिशी," म्हणाला. मी हो म्हणाले. "सांग," म्हणाला, "सगळं सांग. मधलं काही गाळू नको." मग मी सांगत बसले. न्हाणीघरात चक्कर आली ती, रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून आल्या ते, डाळिंब, वेणी, तू रोज शिफ्ट सुटली की तसाच बूट घालून दवाखान्यात यायचास आणि नर्स ओरडायची, ते. घाटावरचं सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. बहिणीला माहेरपण करीन म्हणालास, नाही शिवला. गावचं घर विकणार नाही म्हणालास, नाही. ऊन चढायला लागलं, भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा तू हात जोडून म्हणालास, "आई, वर्षालीला जपीन. काळजी करू नको." आणि कावळा खाली उतरला. हे सांगताना मला हुंदका आला, कारण हे मी कुणापाशी बोललेच नव्हते. जिच्याशी मी उभा जन्म भांडले त्या बाईचा जीव माझ्यात अडकला होता! आणि मी तिच्यासाठी नीट रडलेसुद्धा नव्हते. तेरा दिवस पाहुण्यांचा चहा, मग याचा अपघात, मग हे खोटं. रडायला फुरसत कुठं होती. नवनाथ आता मुकाट्यानं रडत होता. "शेवटी काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. नव्हतंच तिथं काही. "मास्क काढला त्यांनी," मी म्हणाले, "तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या..." परत मास्कपासून सुरू केलं. परत तिथंच. "नवनाथ, मला सापडत नाहीये रे. होतं माझ्याकडं, शप्पथ." तो डोळे मिटून बसला होता. आणि मग त्याचे ओठ हलले, आणि आवाज आला तो त्याचा नेहमीचा नव्हता. तो चाकणला कामाला लागल्यापासून गावचं बोलणं विसरलाय, पुण्याच्या मुलांसारखं बोलतो. "पायावर टाक की रं कायतरी," तो म्हणाला, "गार लागलालंय." तेच होतं. शब्दन् शब्द तेच. "तुला आठवलं?" मी ओरडले. त्यानं डोळे उघडले, घाबरा झाला. "काय आठवलं?" "आत्ता बोललास ते!" "मी कुठं काय बोललो?" मी आत जाऊन कपाटातला फोटो काढला, साडी सोडवली. त्यानं स्टुलावर चढून तो भिंतीवर लावला, खाली बाजारात जाऊन ताजा हार आणला. मिश्रीची डबी उघडून वास घेतला आणि झाकण लावून फोटोखालच्या फळीवर ठेवली. मला वाटलं, चला, झालं. ओझं होतं ते ज्याचं त्याला पोचलं. अंग इतकं हलकं झालं की मी खाटेवर आडवी झाले आणि उजेडातच मला गाढ झोप लागली.

उठले तेव्हा उन्हं कलली होती. वर्कशॉपांतल्या ग्राइंडरचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. नवनाथ फोटोसमोर खुर्चीत बसून होता. मी तोंड धुतलं, चहा टाकला, आलं ठेचलं. "अहो, चहा," मी हाक मारली आणि ट्रे घेऊन बाहेर आले. एक कप त्याच्या हातात दिला, एक माझा, आणि तिसरा खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. नवनाथनं त्या कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. अशी नजर मी ओळखते. इतके दिवस मी त्याच्याकडे अशीच बघत होते. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर हार होता, ताजा, फुलांचा वासही येत होता मला. "आई कुठं गेल्या?" मी विचारलं, "गार होईल ना त्यांचा." त्याचं बोट ओठाकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. त्यानं कप खाली ठेवला, माझा हात हातात घेतला. "गावाला गेलीय ना," तो म्हणाला, "सोजरमावशीकडं." "कधी येणार?" "सोमवारी," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं. मी तिसऱ्या कपावर बशी झाकली आणि माझा चहा प्यायले.